दोनशे किलोचा हट्ट

७ ऑक्टोबर २००३, मंगळवार

झालं! पुन्हा दोनशे.

नवी फाइल उघडली की घराचं गणित करणारा हा प्रोग्राम मजल्यावरचं वजन आपल्याच मनानं धरतो — चौरस मीटरला दोनशे किलो. माणसं, खाट, कपाट, टीव्ही. आमच्याकडे वरच्या खोलीत भाताची पोती चढतात, चार-चार थर, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. पोत्यांना पाचशे तरी धरायला हवेत. मी पाचशे टाकते, फाइल बंद करते, दुसरी उघडते — दोनशे! सर म्हणाले, "संघरत्ना, मशीनशी भांडू नकोस." मग कुणाशी भांडू? या ऑफिसात तिसरं आहे कोण!

८ ऑक्टोबर

भांडले. हरले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सापडलं! नवी फाइल उघडायचीच नाही. एक फाइल पाचशे टाकून कायमची ठेवायची आणि दर घराला तिचीच नक्कल काढायची. फाइलचं नाव ठेवलं 'भात'. डिप्लोमाला दोनदा एटीकेटी लागलेली बाई हुशार निघाली! आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग पगार वाढंल का?" विषय संपला.

या नकलेवर पहिलं घर धसईच्या काळूराम काकांचं. मी एकटीनं केलेलंही पहिलंच.

१४ ऑक्टोबर

काळूराम काका आणि गिरजाकाकू मुरबाडला, आमच्या ऑफिसात आले होते. "पोराचं लगीन ठरलं. वर आनखी एक मजला धर गो." धरला. एक बटण दाबलं, मजला वाढला. काकू तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. मी उगाच चार बटणं जास्त दाबली.

१७ नोव्हेंबर

पाया भरून झाला. बुधू मिस्त्री मला 'मॅडम' म्हणतात. घरी येऊन आरशात पाहिलं. मॅडम वगैरे काही दिसली नाही.

२० डिसेंबर, शनिवार



उद्या काळूराम काकांचा पहिला स्लॅब. सळ्या बांधून तयार. आज सकाळी मला सुचलं, आपली युक्ती सरांना नीट लिहून द्यावी, जरा शाबासकी मिळवावी. लिहिता लिहिता आकडे बघावे म्हणून काकांची फाइल उघडली. पहिला मजला — दोनशे.

मजला वाढवला की हा मेला प्रोग्राम सगळे मजले परत दोनशेवर आणतो. मी मात्र काकूंना बटणं दाखवत बसले होते!

पुन्हा गणित केलं. पाया, खांब निभावतात. स्लॅब आणि दोन बीम निभावत नाहीत. सर म्हणाले, "अगं, थोडं जास्तीचं आपण धरतोच. उद्या होऊन जाऊ दे. लोकांत शोभा नको." तेवढं जास्तीचं अडीचपट भाताला पुरत नाही, हे मला एटीकेटीवालीला कळतं, सरांना कळत नाही?

तीनची एसटी पकडली. धसईत उतरले तर मंडप टाकलेला. स्लॅबचं जेवण म्हणजे अख्खं गाव येणार. मार्गशीर्ष आहे म्हणून कोंबडी वाचली, नायतर बुंदीबरोबर तीही असती. काकांना सांगितलं. शब्द फिरवले नाहीत — चूक माझी आहे, उद्या स्लॅब टाकू नका.

काका एवढंच म्हणाले, "लोकांना काय सांगू? इंजिनेर चुकली?"

"हो."

गिरजाकाकू रडायला लागल्या. बुधू मिस्त्री विडी विझवून म्हणाले, "सोडा मग गाठी." एकूण एक सळी मोजून बांधली होती त्यांनी. परतीच्या गाडीत तोंड खिडकीकडं करून रडले. बरोबर वागले असं एकदाही वाटलं नाही, नुसती लाज वाटत होती.

२२ डिसेंबर

सरांनी झापलं. आता महिनाभर फक्त नकाशांचं ट्रेसिंग. 'भात' फाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलं — मजला वाढवल्यावर बाई, परत बघ!

४ जानेवारी २००४, रविवार

जाड सळ्या, खोल बीम. स्लॅब पडला. मला बोलावणं नव्हतं. बुंदी झाली का, हे विचारण्याची हिंमत झाली नाही.

१२ जानेवारी, सोमवार

काळूराम काका आले. सर आत फोनवर. मला वाटलं, आता हे सरांसमोर काढतात माझी लाज.

बाकावर टेकले. "माजा भाऊ लडकू, टोकावड्याला असतो. त्याचं घर तुमच्याच सरांनी केलं, तीन वरसं झाली. वर समदं भात. खाली पोरं निजतात." आवाज खाली आणला. "आमी सरांना इचारनार नाय. तू खरं बोलतेस. तू बघ."

मी फाइल उघडली. दोनशे.

मग मी यायच्या आधीच्या, सरांनी केलेल्या सगळ्याच उघडल्या. सव्वीस घरं. सव्वीसच्या सव्वीस दोनशे.

काका अजून बसलेत. शेवटची फाइल मी बंद केलेली नाही. सरांना हाक मारली आहे. ते येतायत.