ढोल थांबतो तेव्हा

सोलापूर, दसरा, सन १९३४

प्रिय येडू,

हे पत्र मास्तरांकडून वाचून घेऊ नकोस. तीन बुकं शिकला आहेस, अडखळत का होईना पण स्वतःच वाच. मी गिरणीच्या शाळेत मोठेपणी अक्षरं गिरवली, चुका पोटात घाल.

आपला चुलतभाऊ बिरप्पा परवा बाजाराला आला होता. यंदा दिवाळीला बिरोबाच्या जत्रेत आबांचा ढोल तो वाजवणार आणि "दादानं यायचं कारण न्हाय", हा तुझा निरोप देऊन गेला. तुझ्या वहिनीनं, गोजानं, मला तो दोनदा सांगितला. मी चिडेन असं तिला वाटलं. पण चिडायलाही अंगात जोर लागतो, आणि बारा वर्षं दोन मागांच्या मध्ये उभं राहून माझा जोर संपला आहे. सकाळी भोंगा होतो, सगळी चाळ उठते, मी आपला पडलेलाच. गोजा खांदा धरून हलवते तेव्हा जाग येते.

आज सुट्टी, म्हणून दिवसभर मेंढरांमागची आपली वाट आठवत बसलो. आई चालता चालता चातीवर लोकर कातायची, आबा पुढून ओवी सांगायचे आणि तू एवढासा, ती हटकून उलटी म्हणून धपाटे खायचास. कथा कुठवर आली त्यावरून आपण मुक्काम ओळखायचो. देवाचा जन्म झाला की बाभळीचा ओढा आलाच! वाघरीचं जाळं लावून मेंढरं कोंडली की आबा ढोल काढायचे. आपल्या घराला दुसरा नादच नव्हता. तुझ्या गळ्याला ओवी दिली आणि माझ्या हाताला ढोल, तेव्हा आबा मला म्हणाले होते, "धुळ्या, वाजवाय कुणालाबी येतं. ढोल गप झाला तरच ओवी उभी ऱ्हाती." कुठे थांबायचं हे शिकायला मला चार वर्षं लागली.

आणि गेल्या जत्रेत मी थांबलो नाही. तू ओवी उचललीस आणि मी तिच्यावर बडवतच राहिलो. सगळी माणसं बघत होती. तू माझ्या हातातली काठी हिसकलीस आणि म्हणालास, "शेरात जाऊन माज आलाय तुला." आबांनी ओवी तुला दिली म्हणून मी जळतो, असंही तू गावभर सांगितलंस. मी उलट बोललो नाही. तुला तोही माजच वाटला असेल.

येडू, मला ऐकू येत नाही. मागांच्या खडखडाटानं कान गेले, हळूहळू गेले, आता काहीच उरलं नाही. आमच्या खात्यात सगळे ओठांवरून बोलणं ओळखतात, त्यावर माझं निभत होतं. जत्रेतही मी तुझ्या तोंडाकडे बघूनच ढोल थांबवायचो. गेल्या वर्षी तू पालखीकडे तोंड केलंस, माझ्याकडे पाठ. तू गातो आहेस हे मला कळलंच नाही. मग तू रागानं इतकं भराभर बोललास की ओठही कळले नाहीत, तुझे शब्दसुद्धा गोजानं मला घरी आल्यावर सांगितले. माजोरडा म्हणवून घेणं सोसलं, पण आबांच्या ढोलावर बहिरा माणूस उभा होता हे सांगायची लाज वाटली. वर्षभर ती लाज सांभाळून आता थकलो.

म्हणून हे लिहिलं. ढोल बिरप्पालाच दे, त्याचा हात चांगला आहे. फक्त मला येऊ नको म्हणू नकोस. त्याच्या शेजारी ढोलाच्या कडेला तळहात लावून मला उभं राहू दे. ढोल गप झाला की हाताला कळेल, आता आमचा येडू गातो आहे.

तुझाच दादा,
धुळाप्पा