पेशंट मीच हाय

४ नोव्हें., मंगळ.
लोह्याहून पहिल्या गाडीनं नांदेड. सरकारी दवाखाना, दारू सोडवायची खोली. खिडकीवरचा बाबा मान वर न करताच म्हने, "मावशी, पेशंट कुठंय? नवऱ्याला संग आनलं का?"
म्हनलं, "नवरा वारला. त्यानं कधी थेंब घेतला न्हाई. पेशंट मीच हाय."
रांगेतले गडी वळून वळून बघून राहिले. बघा म्हनावं, फुकट हाय! डॉक्टरीन पोरगी बरी हाय, लाजवलं न्हाई. गोळ्या दिल्या, दर मंगळवारी या म्हनली. बायांना बसायला येगळं बाकडं न्हाई, मग गड्यांतच बसले. ऐसपैस.

१२ नोव्हें.
लेकीचा, सारूचा फोन, अहमदपूरहून, सासरहून. तिला सातवा सरला, पहिलं बाळंतपन, माहेरी यायला पायजे. तिची सासू म्हनते, "पिनाऱ्या बाईच्या घरी धाडनार न्हाई." सारू रडून राहिली.
डोकंच फिरलं. मला चव लागली तीच मुळी बाळंतपनात. सारूच्या येळी माज्या सासूनं चमच्यानं ब्रँडी पाजली, अंगात ऊब राहू दे म्हनून. चमच्याचा पेला कवा झाला... जाऊ दे.
सांजच्याला घसा लई सुकला. माज्या खानावळीची घासलेली भांडी परत घासली. घेतली न्हाई.

१८ नोव्हें., मंगळ.
आज जावई संग. खरंच जाते का बघायला त्यांच्या आईनंच धाडलं असंल. खिडकीवरचा बाबा मला सोडून त्यांनाच, "या, कवापासून पिता?" जावई लालेलाल! हसू आवरंना मला. जावयाला म्हनलं, "बापू, कळलं का आता, कसं वाटतं ते?"
डॉक्टरीन बोलली, मावशी नेमानं येतात. परतीच्या एसटीतून जावई उतरताना, "आईला सांगतो." एवढंच.

२३ नोव्हें., रवि.
सारू आली! जावयानं आनून सोडली. विहीनबाईची पिशवी बी: डिंक, खोबरं, बाळंतशेपा. आन् तळाला लुगड्यात गुंडाळलेली ब्रँडीची बाटली. "बाळंतिनीला ऊब." अगं बाई! मला पिनारी म्हनायचं, आन् माज्याच हातानं माज्या लेकीला पाजायला लावायचं?
सारू बाटली पदराआड घ्याया लागली. म्हनलं, लपवू नको, बघितली मी. झाकन उघडलं न्हाई, वास आला तर... तशीच जावयाच्या हातात दिली. "तुमच्या आईला सांगा, माज्या घरी शेगडी हाय."
"आई चिडंल."
"चिडू द्या."
ते गेले. उद्या विहीनबाईचा फोन येनार, सारूला परत न्यायला येत्याल का काय, ठाव न्हाई. मंगळवारी मातर नांदेड. सारूला बी तिथंच तपासून घेते. विचारू दे त्या बाबाला, दोघींतली पेशंट कोन.