कानामागचा पांढरा दोरा

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. मी वेळेवर जेवतो आणि इथे अजून कोणाशी भांडलेलो नाही, हे आईला आधी वाचून दाखव. तिचे गुडघे कसे आहेत?

ऑपरेशन थिएटरमध्ये सामान मांडायचं काम मिळालंय. आज एका लहान मुलीचे पुढे आलेले कान मागे बसवले. सिस्टरनी टाक्यांसाठी निळा दोरा काढला होता. डॉक्टरबाईंनी तो तिच्या कानामागे धरून पाहिला. आपली शिंप्याची लेक कापडावर रीळ धरून पाहते ना, अगदी तसा.

"कातडी पातळ आहे, निळा दिसेल. पांढरा द्या."

नंतर मी विचारलं, विरघळणारा का नाही?

"कानातलं मऊ हाड जुन्या वळणावर जायला बघतं रे. त्याला धरायला कायमचा दोरा हवा. विरघळणारा वरच्या कातडीला घातलाय, टाके काढताना पोरगी पुन्हा रडायला नको."

ताई, मी थक्क झालो. जो दोरा कानामागे कातडीखाली राहणार, त्याच्या रंगाचाही एवढा विचार.

शिंप्याच्या लेकीला हे सगळं सांग. कान पुन्हा बाहेर येतील म्हणूनच ती ऑपरेशनला कचरते ना? दोऱ्याचं तिला पटेल. तिच्या पुढे आलेल्या कानांवरून तिला कपबशी म्हणणाऱ्याला बदडून माझं कॉलेज सुटलं, त्याचं मला काही वाटत नाही.

मला ते कान आहेत तसेच आवडतात, हे मात्र बोलू नकोस. आधी तिचं तिला ठरवू दे.

तुझाच,
तापट