विहिरीचं पाणी आणि श्री

१४ सप्टें., रवि.
सकाळी शेजारची एलेना आली, बाळ कडेवर. आमच्या दोन घरांत मिळून एकच बोअर आहे, आणि ती आमच्या आवारात. बाळाच्या डॉक्टरनं तिला विचारलंय, दुधाची पावडर कुठल्या पाण्यात कालवता, विहीर शेवटची कधी तपासली? तिनं मला विचारलं. मला माहीत नाही. हे सगळं माझा नवरा श्री बघायचा. घर घेतलं तेव्हा जंतूंची टेस्ट झाली होती, क्लीन आली होती, एवढंच आठवतं. ॲरिझोनात खाजगी विहिरीचं पाणी सरकार तपासत नाही, ज्याचं त्यानं बघायचं.
म्हटलं, बघते.
श्री फेब्रुवारीत गेला. तेव्हापासून सगळ्यांना हेच उत्तर देते.

१७ सप्टें.
लॅबमधून बाटल्या आणल्या. एकीत आधीच थेंबभर ॲसिड असतं, ती विसळायची नाही. नळाची जाळी काढायची, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं, मग भरायची. केलं. श्रीची इंजेक्शनं ज्या आइस बॉक्समधून आणायचो त्यातच बाटल्या ठेवल्या. दुसरा बॉक्स नाही घरात.
काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, पाण्याला चव, वास, रंग? म्हटलं, काही नाही. चांगलं आहे. श्री तर पाहुण्यांना आवर्जून द्यायचा. "शॉमबर्गच्या घरी तीस वर्षं नळाचं क्लोरीन प्यायलो, आता हे प्या."

२६ सप्टें.
रिझल्ट आला. जंतू नाहीत. नायट्रेट ठीक. आर्सेनिक मर्यादेच्या तिपटीहून जास्त.
आर्सेनिक म्हणजे सोमल. नागपूरला लहानपणी उंदराच्या औषधाच्या संदर्भात ऐकलेला शब्द.
लॅबला फोन केला. बाई शांतपणे सांगत होत्या. इथल्या खडकातूनच उतरतं, कुणी टाकलेलं नसतं. आंघोळ, भांडी चालतील. पिणं आणि स्वयंपाक नको.
म्हटलं, उकळून?
"नाही. उकळून पाणी उडतं, आर्सेनिक मागे राहतं. उलट थोडं वाढतंच."
थँक यू म्हटलं, फोन ठेवला.
केमो चालू होती तेव्हा श्रीला विहिरीचं पाणी उकळूनच द्या असं सांगितलं होतं. जंतूंसाठी. मोठ्या पातेल्यात, रोज सकाळी.
चहा केला. पिऊन झाल्यावर लक्षात आलं, त्याच नळाचा.

२७ सप्टें.
एलेनाकडे जाऊन सांगितलं. ओट्यावर बाळाची बाटली तयार होती. तिनं ती सिंकमध्ये ओतली. मग रिकामी बाटली हातात धरून उभी राहिली.
"सुधा, मग श्री..."
मी तिच्या हातातली बाटली घेऊन ओट्यावर ठेवली.
दुपारी तिचा नवरा लुईस दुकानातून पाण्याचे मोठे जग घेऊन आला. चार माझ्याही दारात ठेवून गेला.

३० सप्टें.
केतकीला फोनवर सांगितलं. ती ईडन प्रेरीहून रोज फोन करते, ऑफिसला ड्राइव्ह करताना. आज तिनं गाडी बाजूला घेतली बहुतेक, इंडिकेटरचा आवाज येत होता.
"आई, आय लुक्ड इट अप. ब्लॅडर कॅन्सर अँड आर्सेनिक. इट्स अ थिंग."
म्हटलं, हो.
"हो काय? आई, से समथिंग!"
बाजारातून कोथिंबीर आणली, चांगली मिळाली, असं काहीतरी बोलले. ती रडायला लागली.

६ ऑक्टो.
श्रीच्या डॉक्टरांना भेटले. वेटिंग रूममध्ये त्याच खुर्चीत बसले, सवयीनं. ते म्हणाले, एका माणसाबद्दल असं सांगता येत नाही. श्रीनं तरुणपणी सिगरेट ओढली होती. त्यानंही होतो. कशानं झाला, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.
मग म्हणाले, तुम्हीही तेच पाणी प्यालात, तुमची लघवी तपासू. आधी काही दिवस मासे खाऊ नका, त्यानं आकडा चुकतो. मासे मी फेब्रुवारीपासून आणलेच नाहीत. एकटीसाठी कोण करणार.

१३ ऑक्टो.
रे नावाचा पाणीवाला येऊन दोन्ही घरांत सिंकखाली फिल्टर बसवून गेला. छोटा वेगळा नळ, पिण्यापुरता. म्हणाला, पुन्हा टेस्ट केल्याशिवाय पिऊ नका.
फिल्टरला जागा करायला सिंकखालचं सामान काढलं. श्रीचे बागेतले हातमोजे निघाले. धुतले, वाळवले, परत ठेवले.

२४ ऑक्टो.
फिल्टरच्या पाण्याचा रिझल्ट. कमी झालंय, पण अजून मर्यादेच्या वरच. रे म्हणतो, आर्सेनिक दोन प्रकारचं असतं, त्यातलं एक ह्या फिल्टरमधून निसटतं. आधी पाण्यात क्लोरीन सोडायचं, म्हणजे ते दुसऱ्या प्रकारात बदलतं आणि अडकतं. पंपाशी टाकी बसवावी लागेल.
एलेना माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. बाळाचीही टेस्ट दिलीय. मी बाळाला घेऊन खिडकीशी उभी राहिले.
"तू इतकी शांत कशी राहू शकतेस?"
शांत नाहीये. पण मग काय आहे, तेही...

२ नोव्हें.
माझा आकडा जास्त आला. डॉक्टर म्हणाले, पाणी थांबवलं की शरीरातून लवकर निघून जातं. आधी जे व्हायचं ते झालं असेल तर त्यासाठी लक्ष ठेवू.
बाळाचाही थोडा वर आहे. डॉक्टरांनी एलेनाला धीर दिलाय, वेळेत थांबवलंत. ती सांगायला धावत आली, अंगणातच मिठी मारली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. कुठे ठेवायचा ते आठवावं लागलं.

५ नोव्हें.
क्लोरीनची टाकी बसली. दर थोड्या दिवसांनी भरायची, मोजून. एलेना शिकून घेत होती, मी नुसती बघत होते. नव्या पाण्याच्या बाटल्या लॅबला देऊन आले.

९ नोव्हें., रवि.
केतकीचा फोन. घर विकून टाक, माझ्याकडे ये, खोली तयार आहे. जावई मागून ओरडला, "आई, या ना!" म्हटलं, विकताना घेणाऱ्याला पाण्याचं सांगावं लागेल. "सांगू ना. मग काय?" खरंच, मग काय.
मग तिनं सरळच विचारलं. "बाबा त्यानंच गेला का?"
"माहीत नाही गं."
"डॉक्टर?"
"त्यांनाही नाही."
मग अगदी लहानपणीच्या आवाजात, शुद्ध मराठीत:
"मग मी चिडू कुणावर?"
श्रीवर नाही. माझ्यावर म्हण, असं ओठांवर आलं होतं, पण ते खरं नाही आणि तिला त्याचा उपयोगही नाही. खडकावर कसं चिडणार.
"आई? आर यू देअर?"
"आहे."
बाहेर पंप सुरू झाला. पलीकडे कुणीतरी नळ उघडला असणार. केतकी थांबून होती. पंप बंद होईपर्यंत मीही.