माल्सूनच्या दारचं गाणं

प्रिय माल्सून,

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला पत्र लिहायची वेळ आली, म्हणजे बघ आपलं काय होऊन बसलंय! तू दार उघडत नाहीस, फोन उचलत नाहीस. मग मी काय करू, या वयात कुंपणावरून उडी मारू?

मला शिसारी आली आहे, सगळ्यांचीच. खाडीपलीकडच्या, सरहद्दीपारच्या उत्तरवाल्यांची तर आहेच. उन्हाळ्यापासून त्यांचे कर्णे रात्रंदिवस आपल्या बेटाकडे तोंड करून बोंबलताहेत. कधी लांडगे रडल्यासारखं, कधी लोखंडावर लोखंड घासल्यासारखं. माझी शेळी गाभडली त्या आवाजानं. आणि आपले शहाणे! त्यांनीही इकडून कर्णे लावले, म्हणजे झाली फिट्टंफाट. झोप ना त्यांच्या साहेबांची गेली, ना आपल्या. गेली ती आपली.

गेल्या रविवारी सोलच्या एका बड्या चर्चची मंडळी आली होती. ‘पृथ्वीवर शांती’ असा फलक धरून बंधाऱ्यावर फोटो काढले, मी रांधलेल्या शेवया ओरपल्या, वर सलगमाची किमची बांधून मागितली. जाताना प्रत्येकाला नाताळची भेट म्हणून काय दिलं असेल? कानात घालायचे बोळे! डबीवर क्रूस छापलेला. शी! मी ती डबी त्यांच्यादेखत खुराड्यात भिरकावली.

आता तुझ्या नवऱ्याचं. स्पष्टच बोलते. त्या पत्रकवाल्यांना उत्तरेकडे पत्रकं बांधलेले फुगे सोडायला सांगदोनं स्वतःचं शेत दिलं. ते फुगे उडवून सोलला पळाले, आणि इथे कर्णे सुरू झाले. त्याचा थोरला भाऊ लढाईत तिकडे राहिला, हे मला ठाऊक नाही का? पण म्हणून गावाच्या कानात शिसं ओतायचं? मूर्ख माणूस!

परवा चर्चमध्ये नाताळच्या पहाटेच्या गाण्यांसाठी घरं ठरवायला बसलो. पंच नोसाहेब म्हणाले, “सांगदोच्या दारी नको. गावाची झोप उडवणाऱ्याला कसलं शांतीचं गाणं? जीभ झडेल आमची.” सगळ्यांनी माना डोलावल्या. पाळकसाहेब चहाच्या कपात डोकं घालून बसले. मी म्हटलं, “येशू कुणाच्या दारी जातो, ते आधी त्याला तरी विचारा.” तर म्हणे, “ओकजाताई, बहीण आहे म्हणून तुमचा पुळका.” अगं, उठून चालतीच होणार होते.

पण काल तालमीत एक झालं. आम्ही गात होतो आणि अचानक दोन्हीकडचे कर्णे बंद पडले. का, देव जाणे. आणि आम्हाला आमचाच आवाज ऐकू आला. माल्सून, आम्ही किंचाळत होतो! त्या गोंगाटावर बोलून बोलून ओरडायची सवयच लागलीये. ‘शांती’ म्हणत होतो ते नळावर भांडल्यासारखं. पंच नोसाहेब कानापर्यंत लाल. मग हळू म्हणून बघितलं, तर जमेचना. खालचा सूर धरणारं कुणी नव्हतं. तिथे एवढी वर्षं तू असायचीस. सगळ्यांना कळलं.

म्हणून लिहितेय. पंचांचा ठराव कायम आहे. सांगदोला मी माफ केलेलं नाही, त्याच्या हातचा चहासुद्धा घेणार नाही. पण नाताळच्या पहाटे मी तुझ्या दारी येणार, एकटी आले तरी येणार. रीत तुला ठाऊक आहे. फाटकाशी दिवा दिसला तर गायचं, अंधार असला तर पुढे जायचं. तेव्हा दिवा लाव. त्या मूर्खालाही उठव, गाणं त्याच्यासाठीही आहे. कर्णे रात्रीच पुन्हा सुरू झालेत, तेव्हाही बोंबलतच असतील, पण मी ओरडणार नाही. अगदी हळू गाईन. घरात बसून तुला एक अक्षर ऐकू येणार नाही, फाटकापर्यंत यावंच लागेल.

तुझीच, अजून रागावलेली,
ओकजाताई