नगरचिन्हावरील नावाड्यास कार्यमुक्त करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
प्रांतिक नगरचिन्ह मंडळ.

अर्जदार : साव्वा तेरेन्त्येविच ल्यापिन, नावाडी, मु. स्तारोबेरेझ्स्क.

विषय : स्तारोबेरेझ्स्कच्या नगरचिन्हातून माणूस वगळून नाव रिकामी ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) नावेचे तोंड कोणत्या बाजूस असावे याविषयी आपले पत्र.
२) माझे यापूर्वीचे सर्व अर्ज. (उत्तर अप्राप्त.)

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, आमच्या गावाचे चिन्ह असलेली ढाल सम्राज्ञीच्या काळची आहे. वरच्या अर्ध्या भागात, रिवाजाप्रमाणे, प्रांताचे अस्वल. खाली निळ्या पाण्यावर सोनेरी नाव आणि तीत लाल सदऱ्याचा उभा नावाडी. सोव्हिएत काळात ही ढाल माळ्यावर पडून होती, तेव्हा ती कोणाला त्रास देत नव्हती.

पूल झाल्यावर नावेची गरज संपली. मी वल्हे ठेवून पत्नी ग्लाफिरासह मुलीकडे जाण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात जुने चिन्ह पुन्हा मंजूर करून घ्यायचे ठरले आणि नगरप्रमुख इग्नाती पाव्लोविच माझ्या दारी आले. शेजारच्या गावाच्या ढालीवर मासा आहे आणि नदीत तो औषधालाही नाही, म्हणून त्यांचे हसे झाले होते. आपले तसे होऊ नये, तपासणी होईपर्यंत थांबा, अशी त्यांनी विनंती केली. मी थांबलो. आपले निरीक्षक आले, नावेत बसले, आमचे मशरूमचे लोणचे खाऊन खूश झाले आणि ‘चिन्ह जिवंत आहे’ असा शेरा मारून गेले. महोदय, त्या शेऱ्याने माझा घात केला. गावाचा ‘नगर’ हा दर्जा त्याच शेऱ्याच्या आधारे कायम झाला, आणि मी त्या दर्जाच्या खुंटीला टांगला गेलो.

प्रथम मला लाल सदरा देण्यात आला. नंतर दाढी करण्यास मनाई झाली, कारण चित्रात दाढी आहे. बसून वल्हवण्यासही मनाई झाली, कारण चित्रातला माणूस उभा आहे. माझ्या गुडघ्यांचा विचार सम्राज्ञीच्या चित्रकाराने केला नव्हता, त्याला दोष देत नाही.

त्यानंतर तोंडाचा प्रश्न निघाला. ढालीवरील प्रत्येक आकृतीने उजवीकडे पाहावे, डावीकडे पाहणारी आकृती पळपुटी समजावी, हा आपला नियम आहे. इग्नाती पाव्लोविच यांनी पुलावर उभे राहून स्वतःच्या उजव्या हाताकडे बोट दाखवले. त्या बाजूला पलीकडचा काठ आणि रेल्वे स्टेशन आहे. त्यामुळे सबंध उन्हाळा मी नावेचे तोंड स्टेशनाकडे ठेवून गेलो आणि परत येताना उलटा आलो. फोटोही छापले गेले. मग आपले पत्र आले की, उजवी बाजू ढाल धरणाऱ्या योद्ध्याची धरावयाची, बघणाऱ्याची नव्हे. सबब स्तारोबेरेझ्स्कचा नावाडी जगासमोर पळून जात आहे. गावाला मान खाली घालावी लागली. तेव्हापासून नावेचे तोंड कायम गावाकडे असते. पलीकडे जायचे तरी गावाकडे पाहतच, पाठमोरे जावे लागते. उतारूंना मळमळते, आणि पाद्रीबाबांनी नावेत पाय ठेवणे सोडले आहे.

येथवर मी सोसले. पण गेल्या हिवाळ्याअखेरीस, ब्लिनींच्या म्हणजे धिरड्यांच्या सणात, ग्लाफिराला अर्धांगवायूचा झटका आला. मुलगी झिनाइदा तिला आपल्या शहरात घेऊन गेली. मीही मागोमाग जाणार होतो. रजा मागितली तेव्हा इग्नाती पाव्लोविच म्हणाले, “साव्वाकाका, माणसाला रजा असते. चिन्हाला कसली रजा?” ते थट्टा करत नव्हते. जाताना त्यांनी मला फरची टोपीही दिली, ती लाल आहे.

मी न विचारता बसमध्ये जाऊन बसलो. चालक प्रोखोर माझ्या ओळखीचा, त्याच्या आईला लग्नाच्या दिवशी मीच नावेतून पलीकडे नेले होते. त्याने इंजिन बंद केले आणि म्हणाला, “उतरा काका. तुम्ही गेलात तर आपलं खेडं होईल. मग माझी बस तरी कोण ठेवणार?” मी उतरलो. नंतर सुईण मार्फा घरी आली, कोबीचे सारण भरून भाजलेली पिरोगी घेऊन. तिने सांगितले की, खेडे झाले तर प्रसूतिगृह बंद होईल आणि बायका थंडीत रस्त्यावर बाळंत होतील. तिच्यावर मी रागावू कसा? वाईट कोणीच नाही, हीच माझी अडचण आहे. सगळे मला पिरोगी आणून देतात आणि कोणी सोडत नाही.

माझ्या जागी गवताचा पुतळा उभा करून पाहिला. तो वाऱ्याने पाण्यात पडला, आणि चिन्ह बुडाले म्हणून म्हाताऱ्या रडल्या. दुसरा नावाडी गावात नाही, कारण तरुण सारे त्याच पुलावरून निघून गेले.

झिनाइदा रोज संध्याकाळी फोन ग्लाफिराच्या कानाला लावते. तिची वाचा जवळजवळ गेली आहे. उभा जन्म मी घरी आलो की ती चुलीपाशी उभी राहून जे विचारायची, तेवढेच आता तिला बोलता येते : “साव्वा, नाव बांधलीस का?” मी म्हणत असे, अजून नाही. काल डॉक्टरांनी झिनाइदाला जे सांगितले, ते ती मला सांगू शकली नाही, नुसती रडली. मग ग्लाफिराने विचारले. मी म्हणालो, “बांधली. येतो.”

तरी महोदय, हा अर्ज मी पलीकडच्या स्टेशनवरील बाकावर बसून लिहीत आहे. नाव इकडच्या काठाला बांधली आहे, तोंड गावाच्या विरुद्ध दिशेला आहे. आपल्या भाषेत यास पलायन म्हणतात, तशी नोंद करावी आणि माझ्या या कृत्यास कार्योत्तर मंजुरी द्यावी. गावाचा यात काडीचा दोष नाही. नावेत माणूस नसला तरी ती नावच असते, हे ध्यानी घेऊन चिन्ह रिकाम्या नावेसह कायम ठेवावे आणि मार्फाचे प्रसूतिगृह चालू राहू द्यावे, ही हात जोडून विनंती.

गाडी दिसू लागली आहे, म्हणून येथेच थांबतो.

आपला नम्र आणि पळपुटा,
साव्वा तेरेन्त्येविच ल्यापिन
दि. ९ सप्टेंबर २००४

सोबत :
१) पत्नीच्या प्रकृतीचा दाखला.
२) लाल सदरा, धुतलेला.
३) वल्हे, रेल्वे पार्सलने स्वतंत्र. पोच मुलीच्या पत्त्यावर द्यावी.