दोन रो, तीन कॉलम

जयनगर, बेंगळुरू
१४ जून

चि. अभिराज यास अम्माचे आशीर्वाद.

मी ठकूअक्काकडे सुखरूप आहे. तिचा गुडघा आता बरा आहे. सूनबाईचा, सौम्याचा, खोकला थांबला का? फ्रिजमधलं इडलीचं पीठ फार आंबायच्या आत संपवा.

अक्काला सोबत म्हणून आले, असं मी सौम्याला सांगितलं. ते खोटं आहे. तोंडाने बोलायला लागले की तू फोनमध्ये बघत 'सरी अम्मा, सरी' म्हणत नुसता होकार देतोस, म्हणून लिहिते आहे.

परीक्षेत काय झालं, ते तू विचारलं नाहीस. 'पास झालीस ना? मग सोड की!' एवढंच म्हणालास. आता ऐक.

येलहंकाच्या कॉलेजात माझ्या निम्म्याहून कमी वयाच्या मुलांत बसून मी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले. प्रोजेक्ट माझा होता. मुलांचे मार्क पॉइंटरने, म्हणजे मेमरीतला पत्ता धरून, मॅट्रिक्सच्या तक्त्यात वाचायचे आणि छापायचे. तपासायला आलेल्या मॅडम म्हणाल्या, दोन रो, तीन कॉलम देऊन दाखवा. मी एक ते सहा आकडे भरले. पडद्यावर आलं, वर एक, दोन, चार. खाली चार, पाच, सहा. तीन गायब, चार दोनदा! मागची पोरं हसली.

कोड उघडून बघितला. तो माझा नव्हताच. मी भाजीला गेले असताना तू माझ्या लॅपटॉपवर बसलास, माझं आकडे वाचणारं फंक्शन पुसलंस आणि तुझं सुटसुटीत घातलंस. न विचारता. न सांगता. तीन बाय तीन घालून बघितलंस, बरोबर आलं, उठलास.

अरे, मेमरीत सगळे आकडे एकाच रांगेत बसतात. पुढच्या रोवर जायचं तर जितके कॉलम तितकी घरं ओलांडायची. तू जितके रो तितकी ओलांडलीस. दोन्ही सारखे असले की चूक झाकली जाते. नसले की दुसऱ्या रोचा पहिला आकडा वरच्या रोच्या शेवटच्या आकड्यावर जाऊन बसतो. माझ्या फंक्शनमध्ये हे बरोबर होतं. हेब्बाळला एवढ्या मोठ्या ऑफिसात बसतोस, पण ते वाचायचे कष्ट तू घेतले नाहीस.

"ही ओळ कोणी लिहिली?" मॅडमनी विचारलं.

काय सांगणार? तुझं नाव घेतलं तर मी मुलाकडून लिहून आणणारी. माझं घेतलं तर अडाणी.

"मीच," म्हणाले.

मग तुझं सगळं पुसून तिथेच माझं फंक्शन पुन्हा लिहिलं. या वेळी बरोबर चाललं. "हे येतं, तर आधी तसं का लिहिलंत?" मी प्रोग्रॅम पुन्हा चालवून दाखवला. त्यांनी पास केलं. पण लॅबमध्ये शिकवायला माझं नाव सुचवलं होतं, ते मागे घेतलं. हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

तरी मी घर सोडून आले नसते. चुका मीही रोज करते. पण त्या संध्याकाळी तू गॅलरीत मित्राला फोनवर सांगत होतास, 'मी बघून दिलं, म्हणून पास झाली अम्मा.' आणि हसलास. मी दारामागे कपडे घेऊन उभी होते.

माझं बरोबर असेल, असं तुला क्षणभरही वाटलं नाही ना?

काल मी मॅडमकडे जाऊन खरं सांगितलं. मुलाने बदललं, आणि मी न तपासता नेलं. जागा दुसऱ्या मुलीला गेली आहे, ती काही परत मिळायची नाही. पण ती ओळ आता माझ्या नावावर नाही.

रविवारी इथे ये. सौम्याला आणू नकोस, एकटा ये. सॉरी म्हणू नकोस, तो शब्द तुला फार सोपा झाला आहे. लॅपटॉपला हात लावायचा नाही. माझ्या शेजारी बसायचं आणि माझं फंक्शन पहिल्या ओळीपासून मला वाचून दाखवायचं. कळलं नाही तिथे विचारायचं. ते झाल्यावर घरी यायचं की नाही, ते मी ठरवीन.

तुझीच, पण अजून रागात असलेली,
अनुसूया